केपीव्ही पेप्टाइड: व्हायलपासून प्लेटपर्यंत

केपीव्ही म्हणजे लायसिन, प्रोलिन आणि व्हॅलिन, एवढंच. अल्फा-एमएसएच या तेरा अमिनो आम्लांच्या संप्रेरकाची ही शेवटची तीन. दाह शमवण्याचा गुण या शेपटीतही आहे, हे हिल्ट्झ आणि लिप्टन यांनी १९८९ साली मांडलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या गटाने पुढचा दुवा जोडला: केपीव्ही पेप्ट-१ या वाहक प्रथिनातून पेशीत शिरतं आणि नॅनोमोलर मात्रेतही एनएफ-कप्पा-बी आणि एमएपी कायनेज हे दाहाचे मार्ग दाबतं. पेप्ट-१ लहान आतड्यात भरपूर असतो. मोठ्या आतड्यात एरवी तो जवळजवळ नसतो, पण दाह झाला की दिसू लागतो. आतड्याच्या दाहावर काम करणाऱ्यांचं या तीन अक्षरांकडे लक्ष आहे ते म्हणून.

रेणू लहान म्हणून प्रयोगही सोपा असेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. पावडरचं निम्मं वजन क्षाराचं निघतं, पेप्टाइडसोबत एंडोटॉक्सिन (जंतूंच्या भिंतीतलं दाह पेटवणारं विष) येतं, सीरममधली एन्झाइमं पेप्टाइड कापून टाकतात, आणि संशोधक मात्र आलेखावर ठामपणे '१० मायक्रोमोलर' लिहितो. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न धरून चाललो आहोत: या क्षणी वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, खरोखर किती केपीव्ही आहे?

हे सगळं पेशींवरच्या प्रयोगांसाठी आहे. केपीव्ही हे मान्यताप्राप्त औषध नाही. 'फक्त संशोधनासाठी' म्हणून विकली जाणारी व्हायल माणसाला टोचण्याच्या दर्जाची नसते, आणि पुढचा एंडोटॉक्सिनचा भाग वाचल्यावर त्याचं कारणही कळेल.

व्हायल आणि तिचा कागद

मागवताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. शेवटचं टोक मोकळ्या आम्लाचं आहे की अमाइडचं? क्षार कुठला: टीएफए (म्हणजे ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट), अ‍ॅसिटेट की क्लोराइड? आणि लेबलवरचे '५ मिग्रॅ' हे पावडरचं वजन की निव्वळ पेप्टाइडचं?

साध्या केपीव्हीचं रेणूवजन ३४२.४. अमाइड रूपाचं ३४१.५. सुरुवातीला अ‍ॅसिटिल आणि शेवटी अमाइड असेल तर ३८३.५. पहिल्या दोन्हींत जेमतेम एकाचा फरक, त्यामुळे कागदावरचा मास स्पेक्ट्रम घाईने पाहिला तर सुटतो. मोकळ्या आम्लाचं शिखर ३४३.२ वर यायला हवं, अमाइडचं ३४२.२ वर. तुमच्या हातात कुठलं रूप आहे हे ठाऊक नसताना जुन्या निबंधातल्या मात्रा उचलण्यात अर्थ नाही.

आता वजनाचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कागदावर दोन टक्केवाऱ्या असतात. एचपीएलसी शुद्धता सांगते की जे काही पेप्टाइड आहे त्यातलं तुमचं किती. नेट पेप्टाइड कंटेंट सांगतो की पावडरच्या वजनातलं मुळात पेप्टाइड किती. उरलेलं क्षार आणि ओलावा. केपीव्हीत दोन मोकळे अमिनो गट आहेत, एक सुरुवातीचा आणि एक लायसिनच्या बाजूच्या साखळीवरचा. दोन्हींना टीएफए चिकटला तर रेणूमागे २२८ वजन वाढतं आणि पेप्टाइडचा वाटा ६० टक्क्यांवर येतो. मोठ्या पेप्टाइडमध्ये हा फरक दहा-वीस टक्क्यांचा असतो म्हणून खपून जातो. तीन अमिनो आम्लांच्या रेणूत तो खपत नाही.

उदाहरण घेऊ. पावडर ५ मिग्रॅ, नेट पेप्टाइड ५८ टक्के, शुद्धता ९८ टक्के. खरं केपीव्ही ५ × ०.५८ × ०.९८ म्हणजे २.८४ मिग्रॅ, अर्थात ८.३ मायक्रोमोल. १० मिलिमोलर स्टॉक हवा तर ८३० मायक्रोलिटर पाणी. हाच हिशेब टक्केवाऱ्या सोडून केला तर १,४६० मायक्रोलिटर येतात आणि '१० मिलिमोलर' लेबलाखाली ५.७ मिलिमोलरचा स्टॉक तयार होतो. पुढच्या लॉटमध्ये विक्रेत्याने क्षार बदलला की मग 'परिणाम पुन्हा मिळत नाही' अशी तक्रार सुरू होते.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० नॅनोमीटरला मोजून खात्री करू म्हणाल तर ते जमणार नाही. ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही, त्यामुळे तिथे वाचन शून्यच. ब्रॅडफर्डचा रंगही एवढ्या लहान पेप्टाइडला धरत नाही. भरवशाचा मार्ग अमिनो आम्ल विश्लेषणाचा. खर्चिक आहे, पण एका लॉटला एकदाच करायचं.

व्हायलमध्ये भरगच्च पांढरी वडी दिसली तरी शंका घ्या. नुसत्या ५ मिग्रॅ पेप्टाइडचा बहुतेक वेळा तळाशी किंवा भिंतीवर पातळ पापुद्रा असतो. वडी दिसली तर मॅनिटॉलसारखा भराव असू शकतो, आणि तो कागदावर नमूद असायला हवा.

विरघळवणं आणि साठवण

फ्रीझरमधून काढलेली व्हायल बंदच ठेवून अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार व्हायल उघडली की हवेतला ओलावा आत बसतो, आणि ही पावडर ओलावा लगेच ओढते. मग मिनिटभर सेंट्रिफ्यूज करून भिंतीवरचे कण खाली आणा. व्हायलमधून एखादा मिलिग्रॅम काढून तोलायच्या भानगडीत पडू नका. स्थिर विजेमुळे पावडर स्पॅच्युलावरून उडते. सगळी व्हायल एकदाच विरघळवा.

द्रावक म्हणजे एंडोटॉक्सिनमुक्त, पेशीसंवर्धन दर्जाचं पाणी. केपीव्ही पाण्यात सहज विरघळतं, डीएमएसओ लागत नाही. टीएफए क्षाराचा पाण्यातला स्टॉक आपसूक आम्लीय राहतो, आणि ते फायद्याचंच आहे. कारण असं: दुसऱ्या जागी प्रोलिन असलेल्या पेप्टाइडचं सुरुवातीचं टोक मागे वळून स्वतःवरच हल्ला करू शकतं. पहिली दोन अमिनो आम्लं वर्तुळाकार होऊन सुटतात, व्हॅलिन एकटं मागे राहतं. या वर्तुळाला डायकीटोपायपराझिन म्हणतात. अमिनो गटावर प्रोटॉन बसलेला असेल तर हा हल्ला मंदावतो. उदासीन पीएच आणि उबदारपणा मिळाला की वेगावतो. पीबीएसमध्ये, म्हणजे उदासीन फॉस्फेट बफरमध्ये, केलेला स्टॉक आठवडाभर ४ अंशांवर ठेवून वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

(स्वतः रेझिनवर केपीव्ही बनवणाऱ्यांची गाठही याच वर्तुळाशी पडते. वँग रेझिनवर व्हॅलिन, त्यावर प्रोलिन जोडून एफमॉक हा संरक्षक गट काढला की प्रोलिन-व्हॅलिनची जोडी वर्तुळ करून रेझिन सोडून निघून जाते आणि उत्पन्न कोसळतं. २-क्लोरोट्रायटिल रेझिन घेतलं तर त्याच्या जाडजूड गटामुळे हा मार्ग अडतो.)

गाळणीसाठी ०.२२ मायक्रॉनचा पीईएस किंवा पीव्हीडीएफ फिल्टर, तोही लहान, ४ किंवा १३ मिमीचा. २५ मिमीच्या फिल्टरमध्ये शंभरेक मायक्रोलिटर अडकून राहतात, म्हणजे ८३० तला आठवा हिस्सा गेला. गाळून झालं की लो-बाइंड पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्यांत ३० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला फेकायचा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती पद्धतीचा फ्रीझर नको. त्यात रोज थोडंसं वितळणं-गोठणं चालूच असतं.

टीएफए खटकत असेल तर पेप्टाइड १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, गोठवून, लायोफिलाइझ करायचं. असं तीनदा केलं की क्लोराइड क्षार मिळतो आणि पेप्टाइडचा वाटा साधारण ८२ टक्क्यांवर जातो. जास्त तीव्र आम्ल घेऊ नका. वजन पुन्हा मोजल्याशिवाय जुना आकडाही वापरू नका.

एंडोटॉक्सिन: खोटा दाहशामक

दाहाच्या प्रयोगात आपण पेशींना मुद्दाम एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिनच, देतो. पेप्टाइडमध्ये आधीच एलपीएसचा अंश असेल तर दोन गोष्टी होतात, आणि दुसरी जास्त घातक आहे.

पहिली सरळ आहे: नुसतं पेप्टाइड दिलेल्या वेलमध्येही टीएनएफ हा दाहाचा संदेशवाहक वाढतो. हे दिसतं, म्हणून सापडतं. दुसरी अशी: पेप्टाइड आदल्या रात्री दिलं, त्यातल्या किंचित एलपीएसने पेशी रात्रभर चाळवल्या गेल्या आणि सकाळी खऱ्या एलपीएसला त्यांनी मंद प्रतिसाद दिला. याला एंडोटॉक्सिन सहनशीलता म्हणतात. आलेखावर ती हुबेहूब दाहशामक परिणामासारखी दिसते, मात्रेनुसार वाढतेसुद्धा. जितकं जास्त पेप्टाइड, तितकी जास्त घाण, तितकी जास्त सहनशीलता. देखणा आलेख, आणि अर्थ शून्य.

उपाय स्टॉकची एलएएल चाचणी, म्हणजे एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी. वेलमधल्या अंतिम मात्रेला ०.१ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मिलीच्या खाली राहायचं. ढोबळ मानाने १ नॅनोग्रॅम एलपीएस म्हणजे १० ईयू. १० मिलिमोलर स्टॉक शंभरपट पातळ होऊन १०० मायक्रोमोलरची सर्वांत मोठी मात्रा बनते, म्हणजे स्टॉकमध्ये १० ईयू प्रति मिलीपेक्षा कमी हवं. स्टॉक आम्लीय असल्याने चाचणीआधी पातळ करून पीएच जुळवा, नाहीतर एलएएलचं एन्झाइमच मंदावतं आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो. सोबत ठरावीक एंडोटॉक्सिन मिसळलेला नमुनाही चालवा. तो पुरता परत मोजला गेला नाही तर चाचणी बाद.

०.२२ मायक्रॉनच्या गाळणीने जंतू अडतात, एंडोटॉक्सिन आरपार जातं. निर्जंतुक आणि एंडोटॉक्सिनमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्वउपचार रात्रभर न ठेवता एकच तास ठेवला तर सहनशीलतेला फारसा वावही मिळत नाही. आम्ही एका तासाच्याच बाजूचे.

पेशी

सुरुवातीला उंदराच्या मॅक्रोफेजची रॉ २६४.७ ही वाण चांगली. भारतात ती पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, पेशी भांडारातून मिळते, आणि पुढे लागणारी कॅको-२ ही माणसाच्या आतड्याच्या पेशींची वाणसुद्धा. फ्लास्क माध्यमाने गळ्यापर्यंत भरून आला असेल तर आल्या आल्या उघडू नका. बाहेरून पुसून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा, मग जादा माध्यम काढा. पहिल्या आठवड्यातच मायकोप्लाझ्मा चाचणी करा, कारण मायकोप्लाझ्माच्या लिपोप्रथिनांनी मॅक्रोफेज आपोआप पेटतात.

माध्यम डीएमईएम, जास्त ग्लुकोजचं, त्यात १० टक्के एफबीएस, म्हणजे गायीच्या भ्रूणाचं सीरम. ट्रिप्सिन लागत नाही, स्क्रेपरने हलक्या हाताने खरवडा. पेशी गोल, चकचकीत दिसायला हव्यात. हातपाय पसरलेल्या, लांबट पेशी बऱ्याच दिसू लागल्या तर त्या आधीच चाळवल्या आहेत. वीस पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांच्या) पुढे ही वाण एलपीएसला वेगळी वागू लागते, नवी व्हायल काढा.

सीरमचा मुद्दा केपीव्हीसाठी खास आहे. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी प्रोलिन असलेल्या साखळ्या नेमक्या त्या प्रोलिननंतर कापतं. लायसिन-प्रोलिन-व्हॅलिन हे तर त्याचं आयतं सावज. हे एन्झाइम सीरममध्ये असतं, कॅको-२ च्या पृष्ठभागावरही असतं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी सीरम १ टक्क्यावर आणा, आणि पेप्टाइड किती टिकतं हे एकदा स्वतः मोजा: १०० मायक्रोमोलर केपीव्ही प्रयोगाच्या माध्यमात ३७ अंशांवर ठेवून ०, १, ४ आणि २४ तासांनी नमुना घ्या, तिप्पट थंड अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवा, वरचं द्रव एलसी-एमएसवर चालवा. शक्य असेल तर पेशी असलेल्या वेलमधलं माध्यमही तसंच तपासा. केपीव्ही ३४३.२ वर. डीपीपी-४ ने कापलं असेल तर लायसिन-प्रोलिन २४४.२ वर. स्वतःच वर्तुळ करून तुटलं असेल तर २२६.२ वर.

इथे एक खोच आहे. आयन स्रोतात केपीव्ही तुटलं तरी २२६.२ चाच तुकडा पडतो. तो केपीव्हीच्याच वेळी स्तंभातून बाहेर पडत असेल तर तो यंत्रातला तुकडा. वेगळ्या वेळी आला तरच तो खरा ऱ्हास. आणि केपीव्ही इतकं जलप्रिय आहे की सी-१८ स्तंभावर थेट पुढच्या टोकाला, क्षारांसोबत निघून जातं. अ‍ॅसिटोनायट्राइल १-२ टक्क्यांपासून सुरू करा किंवा हिलिक स्तंभ घ्या. नमुन्यात अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त असताना सी-१८ वर सरळ टोचलं तर शिखर पसरतं, म्हणून आधी वाळवून पाण्यात घ्या.

प्लेटचा दिवस

आदल्या दिवशी ९६ वेलच्या प्लेटमध्ये आतल्या ६० वेलमध्ये प्रत्येकी ५०,००० पेशी टाका. कडेच्या ३६ वेलमध्ये २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी. कडेचे वेल वाळतात आणि पुढे त्यांचे आकडे वेगळे निघतात. पेशी टाकल्यावर प्लेट वीस मिनिटं हूडमध्येच सपाट राहू द्या, तडक इन्क्युबेटरमध्ये नेली तर पेशी कडेला गोळा होतात.

६० वेलमध्ये चार-चारचे १५ गट बसतात. एलपीएसविना तीन: नुसतं माध्यम, सोडियम ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट, आणि १०० मायक्रोमोलर केपीव्ही. एलपीएससह बारा: नुसता द्रावक, सोडियम ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट, केपीव्हीच्या पाच मात्रा (०.०१, ०.१, १, १० आणि १०० मायक्रोमोलर), अक्षरं उलटी केलेलं व्हीपीके दोन मात्रांत, डेक्सामेथासोन हे ओळखीचं दाहशामक औषध १ मायक्रोमोलर, आणि केपीव्हीचे दोन 'धुतलेले' गट. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट २०० मायक्रोमोलर, कारण केपीव्हीच्या रेणूमागे दोन टीएफए येतात. धुतलेल्या गटांत तासाभराने पेप्टाइड काढून, माध्यम बदलून मगच एलपीएस द्यायचं. केपीव्हीवर धन भार आहे आणि एलपीएसवर ऋण, त्यामुळे दोघं माध्यमातच एकमेकांना चिकटले असं उद्या कोणी म्हणू शकतो. हे दोन गट त्याचं उत्तर.

आता हातचं काम.

१. केपीव्हीचा एक भाग बर्फावर वितळवा. ३० मायक्रोलिटर स्टॉक २,९७० मायक्रोलिटर माध्यमात घातला की १०० मायक्रोमोलरचं ३ मिली. त्यातलं ३०० घेऊन २,७०० मध्ये, असं खाली उतरत जा. दर पायरीला नवी टिप. जुनीच टिप वापरली तर खालच्या मात्रांत पेप्टाइड वाहून जातं आणि ०.०१ ची मात्रा प्रत्यक्षात कितीतरी जास्त निघते. या पातळ मात्रा साठवायच्या नाहीत. नॅनोमोलर पातळीवर प्लास्टिकच बरंच पेप्टाइड गिळतं.

२. वेलमधलं जुनं माध्यम काढा, १८० मायक्रोलिटर पेप्टाइडयुक्त माध्यम घाला. टिप वेलच्या भिंतीला टेकवून, हळू. वरून धार सोडली तर मध्ये टक्कल पडतं. एक तास ३७ अंशांवर.

३. एलपीएसचा स्टॉक मिनिटभर व्होर्टेक्स करा, तो काचेला-प्लास्टिकला चिकटून बसलेला असतो. प्रत्येक मात्रेच्या पेप्टाइड माध्यमातलंच १९८ मायक्रोलिटर घेऊन त्यात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली एलपीएसचे २ मायक्रोलिटर घाला. धुतलेल्या गटांसाठी हेच साध्या माध्यमात.

४. एलपीएसच्या गटांतल्या प्रत्येक वेलमध्ये याचे २० मायक्रोलिटर. अंतिम एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि केपीव्हीची मात्रा जशीच्या तशी. बऱ्याच ठिकाणी साध्या माध्यमातलं दुप्पट एलपीएस समप्रमाणात ओततात. त्याने पेप्टाइड त्याच क्षणी निम्मं होतं आणि वहीत मात्र जुनाच आकडा राहतो.

१०० नॅनोग्रॅम हा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. आधी १ ते १,००० नॅनोग्रॅमची एलपीएसची स्वतंत्र प्लेट लावा आणि कमाल प्रतिसादाच्या ७०-८० टक्के देणारी मात्रा निवडा. पेशी पुरत्या पेटवल्या की सौम्य दाहशामकाचा परिणाम त्या आगीत दिसतच नाही, आणि केपीव्ही सौम्यच आहे. डेक्सामेथासोनइतका खड्डा त्याच्याकडून अपेक्षित धरू नये.

काय मोजायचं आणि कधी

टीएनएफ-अल्फा ६ तासांना, आयएल-६ १६ ते २४ तासांना, नायट्राइट (पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) २४ तासांना. वेळांप्रमाणे वेगळ्या प्लेट लावलेल्या बऱ्या. प्लेट ३०० जी वर पाच मिनिटं फिरवून वरचं द्रव काढा. रॉ पेशी टीएनएफ इतका सोडतात की एलायझा किटची मर्यादा ओलांडली जाते. एका एलपीएस वेलचं द्रव २०, ५० आणि १०० पट पातळ करून आधी एक चाचणी घ्या, मगच सगळी प्लेट.

नायट्राइटसाठी ग्रीस अभिक्रिया. ५० मायक्रोलिटर द्रव, त्यात ५ टक्के फॉस्फोरिक आम्लातलं १ टक्का सल्फानिलमाइड ५० मायक्रोलिटर, दहा मिनिटं अंधारात. मग पाण्यातलं ०.१ टक्का एनईडी ५० मायक्रोलिटर, आणखी दहा मिनिटं, आणि ५४० नॅनोमीटरला वाचन. दोन्ही द्रावणं आधीच मिसळून टाकली तरी रंग येतो, पण संवेदनशीलता घटते. सोडियम नायट्राइटची मानकं ० ते १०० मायक्रोमोलर, पाण्यात नव्हे तर त्याच माध्यमात करा. एलपीएस दिलेल्या वेलमध्ये साधारण १५ ते ४० मायक्रोमोलर आणि न दिलेल्यात दोन-तीनच्या आत आलं तर प्लेट चालली म्हणायची. न दिलेल्यातच आठ-दहा आले तर केपीव्हीचे आकडे वाचूच नका. आधी सीरम, माध्यम, मायकोप्लाझ्मा.

पेशी मेल्या तरी टीएनएफ कमी होतो. म्हणून त्याच प्लेटवर एमटीटी, ०.५ मिग्रॅ प्रति मिली, दोन तास, मग डीएमएसओत विरघळवून ५७० ला वाचन. पण एलपीएसने पेशींचं चयापचयच बदलतं, त्यामुळे एमटीटी थोडं फसवू शकतं. क्रिस्टल व्हायोलेटने पेशींची खरी संख्या मोजून सायटोकाइनचे आकडे तिच्याशी भागणं जास्त प्रामाणिक.

एनएफ-कप्पा-बी दाखवायचं असेल तर वेळ मिनिटांत मोजा. एलपीएसनंतर १५ ते ३० मिनिटांत आयकप्पाबी-अल्फा, म्हणजे एनएफ-कप्पा-बीला रोखून धरणारा घटक, गायब होतो आणि तासाभरात नवा बनून परत येतो. ६० मिनिटांचा एकच नमुना घेऊन 'केपीव्हीने आयकप्पाबी वाचवला' असं लिहिणारे कदाचित नुसतं परत आलेलंच प्रथिन पाहत असतात. ०, १५, ३०, ६० हे चारही हवेत, आणि फॉस्फेटेज रोधक घातलेला लायसिस बफर बर्फावर तयार ठेवूनच घड्याळ सुरू करा.

पेप्ट-१ मधूनच गेलं का?

इथे कॅको-२ हव्यात. १२ मिमीच्या, ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टवर २१ दिवस वाढवून, दर दोन दिवसांनी माध्यम बदलून. थर पक्का झाला का हे विद्युत रोधावरून, म्हणजे टीईईआरवरून कळतं. वाचन ४२० ओहम, रिकाम्या इन्सर्टचं १२०, फरक ३००, गुणिले १.१२ चौरस सेंमी: ३३६ ओहम-चौरस सेंमी. ३०० च्या खाली असलेले इन्सर्ट आम्ही बाजूला काढू. प्लेट थंड असताना घेतलेलं वाचन फुगलेलं येतं, म्हणून वीस मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवून मगच इलेक्ट्रोड लावा.

पेप्ट-१ प्रोटॉनच्या ओढीवर चालतो. वरच्या बाजूला पीएच ६.० (एचबीएसएस, १० मिलिमोलर एमईएस), खाली ७.४. दोन्हीकडे ७.४ ठेवून वाहतूक मंद दिसली तर त्यात नवल नाही. मग वरच्या बाजूला २० मिलिमोलर ग्लायसिल-सार्कोसिन घाला. तेही याच वाहकातून जातं, पण सहजी तुटत नाही. त्याच्या गर्दीत केपीव्हीचा परिणाम नाहीसा झाला तर वाहकावर बोट ठेवता येतं. एवढ्या तीव्र द्रावणाचा परासरण दाब वेगळा असतो, त्यामुळे २० मिलिमोलर मॅनिटॉलचा कंट्रोल सोबत हवाच. उद्दीपनासाठी इथे एलपीएस नको, आयएल-१-बीटा घ्या आणि आयएल-८ मोजा. कॅको-२ एलपीएसला फारशी दाद देत नाहीत.

आकडे वाचताना

एका प्लेटवरचे चार वेल म्हणजे चार प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, नव्याने वितळवलेल्या पेप्टाइडने केलेल्या किमान तीन फेऱ्या म्हणजे एन बरोबर ३. वेलची सरासरी काढायची आणि त्या तीन सरासऱ्यांवर एनोव्हा ही सांख्यिकी चाचणी, मग द्रावकाच्या गटाशी तुलनेसाठी डनेटची चाचणी.

व्हीपीकेनेही तितकाच परिणाम दाखवला तर क्रमाला महत्त्व नाही. मग भार, क्षार किंवा एंडोटॉक्सिन यांपैकी काहीतरी काम करतंय. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटच्या गटात घट दिसली तर क्लोराइड क्षार करून पुन्हा. परिणाम ०.१ वर दिसून १०० वर नाहीसा झाला तर लगेच प्लेट बाद करू नका. मोठ्या मात्रेत सोबतची घाण वरचढ होते, एलपीएसविना १०० मायक्रोमोलरचा गट त्याचा छडा लावतो. आणि नेहमी भेटणारी गोष्ट: टीएनएफ ६ तासांना घटलेला, पण २४ तासांचं नायट्राइट जसंच्या तसं. अशा वेळी टिकण्याच्या चाचणीचा आलेख समोर घ्या. चार तासांत केपीव्ही निम्म्यावर आलं असेल तर २४ तासांपर्यंत वेलमध्ये जवळपास काहीच उरलेलं नाही. पुढच्या फेरीत दर चार तासांनी स्टॉकमधून ताजी भर घाला, तेवढंच पाणी द्रावकाच्या गटातही, आणि एका वेगळ्या गटात डीपीपी-४ रोधक सिटाग्लिप्टिन १ मायक्रोमोलर ठेवा. सिटाग्लिप्टिनचा स्वतंत्र गट, केपीव्हीविना, त्याच प्लेटवर.